बांधलं की बिथरणारी घोडी

घोडीची हौस माझ्या नवऱ्याची. तो राजूरला कोळसा खाणीत नोकरीला. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. घर-शेत मुकुटबनकडे, ते मी पाहायची. एका सुट्टीत उमरखेडकडून त्यानं टेम्पोत घालून तीन वर्षांची लाल घोडी आणली, दोन दिवस गावातून मिरवली आणि ड्यूटीवर निघून गेला. घोडी राहिली माझ्याकडे.

मोकळी असली की ती गरीब होती. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, माझ्या मागे मागे चालायची. बांधली की मात्र वेगळंच जनावर. मागे रेटा देऊन मान ताणायची, खुंटा उपटायची, नाहीतर तोंडावरची मोहरकी तोडून शेजाऱ्याच्या तुरीत घुसायची.

कापूस वेचणी नुकतीच सुरू झाली होती. मी तिला कडुनिंबाला बांधत होते आणि पळू नये म्हणून दोराचा एक वेढा हाताला घेतला होता. धुऱ्यापलीकडे कुणीतरी मोटरसायकलला किक मारली. घोडी मागे उसळली, दोर आवळला आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. दुखणं नंतर सुरू झालं. तेव्हाचं एवढंच आठवतं की सुटून पळालेल्या घोडीच्या पायात दोर अडकला होता आणि तो आधी सोडवायला हवा, असं मला वाटत होतं.

वणीच्या दवाखान्यात टाके पडले. नवरा फोनवर म्हणाला, "इकून टाकू तिले."

"बोट बरं होऊ दे, मंग पाहू," मी म्हटलं. घोडीवर फार माया होती असं नाही. का थांबवलं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

शेताला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथले एक म्हातारे काका हात पाहायला आले. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. काकांनी स्वतः उमेदीत घोडी पाळली होती.

"दोर हाताले गुंडाळला काहून?" त्यांनी विचारलं.

"ती पळून जाईन म्हणून."

"मंग? पळालीच ना? वरून बोट घेऊन गेली."

मला हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलंच.

घोडीला वळण लावायचं काकांनी मनावर घेतलं, पण आधी बांधायचं नावच काढलं नाही. दोर हातात धरून हलकी ओढ द्यायची, घोडीनं एक पाऊल पुढे टाकलं की लगेच ढील. "ओढ लागली का पुढं यायचं, म्हंजे सुटते. येवढंच कळू दे तिले," ते म्हणाले. सहा-सात दिवस सकाळी मी तेवढंच केलं. घोडीला काका 'याडी' म्हणत, म्हणजे आई. मी काहीच म्हणत नसे.

मग कडुनिंबाला, तिच्या पाठीपेक्षा जरा वर, सायकलची ट्यूब बांधली आणि ट्यूबला दोर. घोडीनं ओढलं तर ट्यूब ताणली जायची, पण एकदम हिसका बसायचा नाही. गाठ एका ओढीत सुटेल अशी. दोर हातभरच, पाय अडकू नये म्हणून. पहिल्या दिवशी ती जेमतेम चहा होईस्तोवर उभी राहिली. ती शांत उभी असतानाच सोडायची, हा काकांचा नियम. तो मी एकदा मोडला. पाय आपटून आपटून तिनं खड्डा केला होता, अंग घामानं भिजलं होतं. मला बघवेना, सोडून दिली.

काका संतापले. "आता तिले समजलं, पाय आपटले का सुटका होते. कोणाची दया केली तुनं? तिची का तुही?"

पुढचे चार दिवस घोडी बांधल्याबरोबर पाय आपटायची आणि मी समोर बसून ती थांबायची वाट पाहायची. एकदा अर्धी दुपार गेली. वेचणीच्या बाया हसत होत्या.

पुढच्या वर्षी सोयाबीन काढताना थ्रेशर शेतात आलं. घोडी झाडाला बांधली आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. मशीन सुरू झालं तसं आठवलं आणि मी धावले. तिची मान वर, दोर ताठ, ट्यूब लांबलेली. काका धुऱ्यावर होते. "जाऊ नोको," ते ओरडले. मी जागीच थांबले.

घोडी थरथरत होती. मग तिनं आपणहून एक पाऊल पुढे टाकलं. दोर सैल झाला. कान बराच वेळ मशीनकडेच होते. हळूहळू मान खाली आली आणि एक मागचा पाय ढिला सोडून ती उभी राहिली.

मला वाटलं होतं, आनंद होईल. भूक लागल्याचं तेवढं जाणवलं. बायांबरोबर बसून मी भाकर खाल्ली. जेवताना घोडीकडे एकदाही पाहिलं नाही, हे हात धुताना लक्षात आलं.