वच्छलामावशीच्या क्लिपा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बहिणीला नाही, बायकोला नाही. मग तुम्हालाच का? — कारण तुम्ही वच्छलामावशीला ओळखत नाही.

ओळखत असता तर — ती बोलायला लागली की मंडपातली रडकी पोरंसुद्धा गप्प होतात. दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडे गावोगावी नाटकं होतात, त्यांत ती कित्येक वर्षं नायिका करायची. आंधळगावची. नात्याने आमची कुणी नाही. पण मी आणि माझी धाकटी बहीण रेखा तिला मावशीच म्हणतो. रेखाला नाटकात तिनेच आणलं. उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं शिकवलं. हातचं राखून काही ठेवलं असेल? — काहीच नाही.

लाखांदूरला माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. एका वर्षी त्यांच्या नाटक कंपनीने जाहिरातीचा व्हिडिओ माझ्याकडे दिला. गावची मंडळं तो मोबाइलवर बघून नाटक ठरवतात, अमुकच नायिका पाहिजे म्हणतात. दोघींच्याही क्लिपा छोट्या, जेमतेम दोन-दोन सेकंदांच्या. अशा क्लिपा जोडताना एक चित्र विरून दुसरं उमटतं, ते ट्रान्झिशन आखूडच ठेवावं लागतं. लांबवलं, तर ते अख्खी क्लिप खाऊन टाकतं.

मला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं — म्हणून तर केलं. रेखाच्या क्लिपांना पापणी लवेल एवढंच ट्रान्झिशन ठेवलं. मावशीच्या क्लिपांना तेच ट्रान्झिशन दोन्ही टोकांनी ओढून लांबवलं. तिचा चेहरा उमटतो न उमटतो तोच पुसला जायचा. कुणी सांगितलं नव्हतं मला. रेखाला तर अजूनही माहीत नाही.

मावशी दुकानात आली, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग तिने विचारलं, मी अशी धुरावानी काहून दिसून राहिली? मी म्हणालो — क्लिपाच छोट्या होत्या मावशी, कॉम्प्युटर आपोआप तसं करतो.

"मंग मीच लवकर हालली असन गा," ती म्हणाली. "रेखा मात्र मस्त दिसून राहिली."

खरंच खूश होती ती. चहा निवायच्या आत मी सगळं दुरुस्त करू शकलो असतो. केलं नाही.

त्या मोसमात मंडळांनी रेखालाच मागितलं. मावशीला नायिकेच्या आईचं काम आलं. रुसली? कुणाजवळ कुरकुरली? — तालमीला सगळ्यांच्या आधी तीच यायची. आणि आई अशी उभी केली, की पडदा पडल्यावर बायका पदराने डोळे पुसत तिला भेटायला रांग लावायच्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात भंडाऱ्याला तिचा सत्कार झाला. बोलता बोलता तिने मला वर बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाली, "मले वाटे का मी अजून नायिकाच आहो. या पोराच्या व्हिडिओनं मले माहं वय दाखवलं. उपकार झाले याचे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

तिचं वय झालं नव्हतं. तिला म्हातारी मी केलं.