साठ घरांतला होकार

पहिली चूक माझीच. प्रश्नावली गावात नेण्याआधी तिची चाचणी घ्यायची असते, हे मी वर्गात दरवर्षी घसा ताणून सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा ती चाचणी मी स्वयंपाकघरात, एकट्या बायकोवर उरकली. ती पोळ्या लाटत होती, मी विधानं वाचत होतो.

"घरातले मोठे निर्णय नवरा-बायको मिळून घेतात."

"पूर्ण सहमत," ती म्हणाली.

कणीक संपायच्या आत चाळीस विधानं संपली. प्रश्नावली उत्तम चालते, असं मी परदेशी प्राध्यापकांना त्याच दिवशी कळवून टाकलं.

एकाहत्तर साल असेल. मी नगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. अनोळखी माणसाबद्दल लोकांना काय वाटतं, हे त्या प्राध्यापकांना पाच देशांतल्या खेड्यांतून शोधायचं होतं. आपल्या देशाचं खेडं माझ्या वाट्याला आलं होतं. काम नीट झालं तर परिषदेसाठी तिकडे बोलावणं येणार होतं. आमच्या कॉलेजातलं तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. मी तर कोटही शिवायला टाकला होता.

सुट्टी लागताच एसटीने कर्जतच्या पुढच्या एका गावी गेलो. पहिल्याच ओसरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घोंगडी अंथरली, गुळाचा चहा पाजला.

"अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा," मी वाचलं.

"व्हय."

दहा-बारा विधानांनंतर त्याच्या उलटं विधान होतं. "अनोळखी माणसापासून सावध राहावं."

"व्हय, बरोबर हाय."

"अहो बाबा, मघाशी विश्वास ठेवावा म्हणालात!"

"तुमी म्हनला, आमी व्हय म्हनलो. नगरावरनं उन्हाचा आलेला मानूस. त्याला आपल्या दारात न्हाई कसं म्हनायचं?"

"पण मला तुमचं खरं मत हवंय. नाही म्हणालात तरी चालेल."

"असं व्हय? मग म्हनतो की. कोनत्याला न्हाई म्हनू, तेवढं सांगा."

पुढचे आठ दिवस हेच. साठ घरं, साठ कप चहा, आणि एक नकार मिळेल तर शपथ. शेवटी शेवटी मी लोकांना अक्षरशः विनवत होतो, आणि ते माझ्या विनवणीलाही व्हय म्हणत होते.

घरी आलो, गठ्ठा टेबलावर आदळला. "पाठवू काय आता तिकडे? परिषद गेली, विमान गेलं! या लोकांना तोंडावर नाही म्हणताच येत नाही!"

बायकोने गठ्ठ्यात सगळ्यात खाली असलेला स्वतःचा कागद ओढून काढला, त्यावरच्या चाळीस होकारांवरून नजर फिरवली आणि शिंप्याकडून आलेल्या नव्या कोटाच्या खिशात घडी करून ठेवला.

"तुम्ही मला विचारायला बसलात, ते याचं माप देऊन आल्यावर," ती म्हणाली. "इतक्या खुशीत आलेल्या माणसाला मी तरी नाही कसं म्हणणार होते?"