लाल गाडीचं इंजिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि तुम्ही चारचौघांत बोलणार नाही कशावरून? बघा, स्वभाव जात नाही.

लोक ताक फुंकून पितात, मी पाणीसुद्धा फुंकून पितो. पिरंगुटला जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवायचं तर संशय कामाचा असतो. चकचकीत रंगाखाली काय दडलंय ते हुडकणं हाच आमचा धंदा. पण तीच नजर मी माणसांवरही रोखत आलो, त्याचं काय?

माण गावचा बाळासाहेब माझा शाळेपासूनचा दोस्त. जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा त्याने हौसेने दोन जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या — एक लाल इटालियन, एक राखाडी जर्मन. पुढे गाड्यांची शेड पाडून भाड्याच्या खोल्या बांधायचं ठरलं. एकच गाडी राहणार होती, लेकीसाठी; दुसरी विकायची.

"वसंता, खरी कंची ती तू सांग," तो म्हणाला. "तू म्हनशील ती ठिवतो."

दोन्ही ताम्हिणी घाटात पळवल्या. जर्मन गाडी वळणाला रस्ता सोडत नव्हती, चढाला दमत नव्हती. लाल गाडी तापायची, रुसायची — पण रेस दिली की असा आवाज काढायची की मी एकटाच हसत सुटायचो. तरी अशा गाडीची किंमत नुसत्या वेगावर ठरत नाही. कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन आहे का, ते बघतात. मी इंजिनांवरचे नंबर कागदांशी ताडून पाहिले. लाल गाडीचं इंजिन तिचंच होतं. जर्मनचं कधीतरी बदललेलं.

हे सांगायला गेलो, तर शेडमध्ये कुणी शहरी माणूस टॉर्च घेऊन लाल गाडीत वाकलेला. मला बघून तो आणि बाळासाहेब गप्प झाले — की मलाच तसं वाटलं? माझं डोकं फिरलं. मला विचारायचं आणि माझ्यावर दुसरा तपासनीस आणायचा? तो माणूस गेल्यावर मी मुद्दाम उलटं सांगितलं. लालचं इंजिन बदललेलं आहे, जर्मन ठेव. दुसऱ्याला विचारलं असेल तर बाळासाहेब अडखळेल, पकडला जाईल, असा माझा डाव होता.

तो म्हणाला, "बरं. जर्मन ठिवू." एवढंच.

टॉर्चवाला विम्याचा माणूस होता, चॅसिस नंबरचा फोटो काढायला आलेला. हे मला कळलं तेव्हा लाल गाडी जायला चार दिवस होते. चार दिवस! फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगणार होतो — तुझी परीक्षा घेत होतो म्हणून? पाचव्या दिवशी ट्रेलर आला. गाडीचे पट्टे मीच आवळले.

त्याची लेक आता रविवारी राखाडी गाडी घेऊन मुळशी धरणापर्यंत जाते. सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येते. मागच्या महिन्यात तिच्यासोबतच्या मित्राने विचारलं, इंजिन ओरिजिनल आहे का.

"काकांनी चेक केलंय ना," ती म्हणाली. "पप्पा म्हणतात, वसंतानं सांगितलं म्हंजी झालं."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.