मागच्या दाराची कडी

हेमंत देउळगावकर बरकतपुऱ्यातल्या घरातून आजवर किती वेळा नाहीसा झाला, याचा हिशेब ठेवणं त्याच्या बायकोनं, त्रिवेणीनं, केव्हाच सोडून दिलं होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या वकिलांचं, नाकासमोर चालणारं. बिघडला तो एकटा हेमंत. कॉलेजात असताना सुलतान बाजारात रद्दीच्या ढिगात त्याला अमेरिकेतल्या बीट कवींचं एक फाटकं पुस्तक सापडलं. घरदार, नोकरी सगळ्याला लाथ मारून रस्त्याला लागलेली ती माणसं त्याच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. पुढे तो इंग्रजीचा प्राध्यापक झाला, लग्न झालं, मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तरी वर्षातून एकदा-दोनदा पायाला भिंगरी लागायचीच. झोळी उचलायची, काचीगुडा स्टेशन गाठायचं, दिसेल त्या गाडीत बसायचं. मग काही दिवसांनी दाढी वाढवून परत. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे वर्गात तो फार रंगून सांगे. त्या कवींच्या आया मागे घरी काय करत होत्या, हे मात्र त्याच्या कधी मनातही आलं नाही.

त्याची स्वतःची आई, मालतीबाई, घरातून निघणाऱ्याच्या तळहातावर दही घाले. दही खाऊन गेलेला माणूस सुखरूप परत येतो, ही तिची श्रद्धा. हेमंतला ते दही म्हणजे गळ्यातलं दावं वाटे, म्हणून तो पळायचा तो मागच्या दारानं. आता ऐंशी उलटलेल्या आईला फारसं काही आठवत नसे. दही तेवढं आठवे. वीजबिलवाला आला तरी जाताना त्याच्या हातावर चमचाभर पडे. दोनदा ती एकटीच रस्त्यावर निघून गेली, तेव्हापासून पुढच्या दाराला कुलूप असे आणि मागच्या दाराला आतून वरची कडी.

आतून लावायची कडी बाहेर पडलेल्याला लावता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या मंगळवारी सकाळी प्राध्यापकांच्या ध्यानात आली नाही. त्रिवेणी देवपूजेत होती. हेमंतनं झोळी खांद्याला लावली, दार हलकेच ओढून घेतलं आणि तो सटकला.

तिकीट काढून तो चहा पीत उभा होता, तोच फोन वाजला.

"अहो, आई घरात नाहीत!" त्रिवेणी ओरडलीच. "मागचं दार सताड उघडं आहे. मालनबाई भांडी घासून गेल्या, त्यांच्याकडूनच राहिलं असेल. बोलावलं तर नुसत्या रडतायत. तुम्ही कुठे आहात?"

"इथंच," तो म्हणाला. "बघतो मी."

खरं घशाशी आलं होतं, ते त्यानं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. बिचाऱ्या मालनबाई! त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. तो घराच्या दिशेनं पळत सुटला. प्रत्येक बसच्या चाकांकडे तो आधी बघे, मग माणसांकडे. चौकात घोळका दिसला तेव्हा तो माणसं बाजूला सारत आत घुसला. केळी विकत होता कुणी. गल्ल्या झाल्या, देऊळ झालं, दवाखाना झाला. आई कुठेच नव्हती. तो पुन्हा स्टेशनच्या रस्त्याला आला, तेव्हा एका रिक्षावाल्याला विचारलं.

"दादी माँ? कटोरी लेके?" रिक्षावाला म्हणाला. "वो तो कबके अंदर गए, साब. किसी हेमू कू पूछरइं सबकू."

एक नंबरच्या फलाटावर बाकावर आई बसली होती. पाय अनवाणी, मांडीवर स्टीलची वाटी, दह्याला पाणी सुटलेलं. म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं ठाऊक होतं. मागचं दार, काचीगुडा, सगळं.

"आई!"

तिनं परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "या गाडीनं जाताय का हो? आमचा हेमू असेल बघा आत. दही न घेता गेलाय."

लहानपणी धरायचा तसा हेमंतनं उजवा तळहात पुढे केला. आईनं वाटी पदराआड ओढली.

"तुम्हाला नाही हो. हे हेमूचं आहे."

गाडी हलली. ती एकेका खिडकीत बघत राहिली. हेमंत तिच्याशेजारी बसला आणि त्यानं फोन लावला.

"त्रिवेणी, आई सापडली. काचीगुड्याला. आणि मालनबाईंना सांग, दार माझ्याकडून उघडं राहिलं."

पलीकडे ती रडत असावी. मग म्हणाली, "फोन ठेवला आणि खुंटीकडे नजर गेली. झोळी नव्हती. मालनबाईंची मी तेव्हाच माफी मागितली. आता आईंना घेऊन या."

त्यानं आईच्या पायांत आपल्या चपला घातल्या, तिचा हात धरला आणि दोघं हळूहळू निघाले. वाटेत त्यानं दोनदा मागितली, पण वाटी काही तिनं त्याच्या हाती दिली नाही.