केकवरचा ‘स्वीट’

ऑर्डरच्या वहीत ‘स्वीट’ दिसला की उस्ताद चष्मा काढून ठेवायचे. “वाचायचं काय त्यात? सगळ्यांचं तेच.” बिबवेवाडीतल्या आमच्या केकच्या दुकानात त्यांनी पंचवीस वर्षं केकवर नावं घातली, पण या एका शब्दाइतका राग त्यांना मालकांचाही नव्हता.

मुलगी सोळा वर्षांची झाली, स्वीट. फ्लॅट घेतला, स्वीट होम. नकोसा साहेब एकदाचा बदलून गेला, तरी स्वीट मेमरीज. एक बाई नवऱ्याच्या केकवर ‘स्वीटहार्ट’ लिहून घ्यायला आल्या आणि फोनवर त्याच नवऱ्याला झापत राहिल्या. उस्तादांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, लिहू की थांबू?” वर प्रत्येकाला केक ‘लेस स्वीट’ हवा. “साखर नको, नुसता शब्द द्या,” असं पुटपुटत ते क्रीमचा कोन दाबायचे.

एकदा एक कॉलेजची पोरगी त्यांनाच म्हणाली, “अंकल, यू आर सो स्वीट.” संध्याकाळी मला म्हणाले, “मी तिचं काय वाकडं केलं होतं?”

मी वाशीमकडची, सातवीत शाळा सुटलेली. दुकानात भांडी घासायचे. एका दुपारी त्यांनी स्टीलचं ताट पालथं घातलं आणि कोन माझ्या हातात दिला. मला इंग्रजी येत नाही म्हटलं.

“गिऱ्हाइकांना तरी कुठं येतं? रांगोळी काढतेस ना? तशी काढ.”

मी काढायचे, ते बोटानं पुसायचे. “हे काय, गांडूळ?” तीन महिने गांडुळंच निघाली.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. मी आत लिहायचे, ते केक बाहेर न्यायचे. भांडीवालीनं केकला हात लावलेला मालकांना चालला नसता.

उस्तादांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, “उद्यापासून नवा कारागीर येतोय.” माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“कशाला?” उस्ताद म्हणाले. “वर्षभर ही लिहितेय. आपण तारीफ करत होतात, ती हिचीच.” वर्षभर लपवून ठेवलेला हात त्यांनी मालकांच्या नाकासमोर धरला. तो थरथरत होता. “यानं लिहिलं असतं होय ते? दुकान आपलं आहे, अधूनमधून बघत चला.”

मालकांनी नव्या माणसाला फोन लावला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. तोवर उस्ताद चपला घालून रस्त्यावर पोचले होते. मी मागे धावले.

“आत जा,” ते म्हणाले. “केक उघडा पडलाय.”