पाव खाऊन परत आल्याचे समजते

आवाज काढणं ही माझी जुनी खोड. आठवीत असताना मी हेडसरांचा आवाज काढून अख्ख्या वर्गाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. पोरं दप्तरं घेऊन फाटकापर्यंत पोचली आणि समोरून खरे हेडसर आले. छड्या खाल्ल्या, पण गावात नाव झालं. मग मी एसटीचा कंडक्टर केला, देवळातला पुजारी केला, दारावर मच्छी घेऊन येणारी मावशी केली. कुणी नुसतं "करून दाखव की रे" म्हटलं की मी सुरू. पैसे नको, चहा नको, फक्त हसा.

पण हुकमी आयटम एकच. आबा.

आबा आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायचे. वय ऐंशीच्या पुढे. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. घरामागे सुपारीची छोटी वाडी, तिच्यावरच त्यांचं भागायचं. डावा कान पार गेलेला. काही विचारलं की मान वळवून उजवा कान पुढे करायचे, त्यामागे तळवा धरायचे आणि म्हणायचे, "आँ?" हे "आँ" नाकातून यायचं, शेवटी जरा वर जायचं. ते मला इतकं बेमालूम जमायचं की आबांची मांजर फसायची.

आबा सतराव्या वर्षी आईला न सांगता गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात. बांद्याच्या पुढे त्यांच्या तुकडीनं हद्द ओलांडली, पकडले गेले, एका खोलीत कोंडले गेले आणि दुसऱ्या दिवशी हद्दीबाहेर ढकलले गेले. एवढीच गोष्ट. पण आबा ती सांगायचे पावाची गोष्ट म्हणून. सकाळी एका शिपायानं त्यांच्या हातात पाव दिला. "असला टणक, की दगड परवडला," आबा म्हणायचे, "पन भूक काय दगड बघते? खाल्ला." खरी गंमत पुढे. आमच्याकडच्या जुन्या बायका सांगायच्या, की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचं पाणी प्यालेलं गावच्या गाव बाटलं. पोरगा पाव खाऊन आला म्हटल्यावर आबांच्या आईनं त्यांना घरातच घेतलं नाही. तीन दिवस पडवीत बसवलं. मग गोमूत्र पाजलं, आंघोळ घातली आणि त्यानंतर रडली.

ह्याचा मी आयटम केला. गणपतीत, मंडळाच्या स्टेजवर. दोन्ही आवाज माझेच.

"आबा, गोव्याला गेला होतात?"

"आँ?"

"गोव्याला, गोव्याला!"

"व्हय तर. पन बीच न्हाय बघितला."

"पोर्तुगीजांनी मारलं का?"

"आँ?"

"मारलं का, मारलं?"

"न्हाय रे! वाढलं!"

मांडव कोसळायचा. आबा पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्यांबरोबर हसायचे. मी समजायचो, माणूस दिलदार आहे. दरवर्षी फर्माईश व्हायची. पोरं रस्त्यात आबांना विचारायची, "आबा, आज काय वाढलं?" आबा हात वर करून हसायचे.

मग ते चक्रीवादळ आलं. दोन-तीन तासांत आबांची वाडी आडवी झाली. आम्ही गेलो तेव्हा आबा पडलेल्या सुपाऱ्यांमधून वाट काढत चालले होते, झाडांना हात लावत, माणसं मोजावी तसे. पंचायतीनं नवी रोपं दिली. आबांनी ती लावली आणि मला म्हणाले, "ह्याला फळ धरायला पाच-सात वर्सं. मी कुटं थांबू तवर?"

तेव्हा कुणीतरी पेन्शनचं सुचवलं. गोव्यासाठी लढलेल्यांना सरकार सन्मानानं देतं ते. इतकी वर्षं आबांनी अर्ज केला नव्हता. "एका पावाचं काय मागायचं," म्हणायचे. आता मागायची वेळ आली. मी तेव्हा श्रीवर्धनला बी. कॉम. करत होतो आणि फावल्या वेळात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचो. आबांचा फॉर्म मीच भरला. तुरुंगात ठेवलं असेल तर तिथला दाखला हवा होता. नाहीतर बरोबरच्या दोघांचं लेखी. दाखला नव्हता, कारण त्यांना तुरुंगात ठेवलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी हाकलून दिलं होतं. बरोबरच्यांपैकी कोण कुठे आहे, आहे की नाही, आबांना माहीत नव्हतं. मग उरली गावातली चौकशी.

"मारहाण झाली का, असा रकाना आहे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे त्ये," आबा म्हणाले.

मी तो कोरा सोडला. मला वाटलं, मारलंच नसेल. वाढलं.

तीन-चार महिन्यांनी मी समुद्राकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या टपरीवर बसलो होतो. एक माणूस बाइकवरून आला. हेल्मेट, पाठीला सॅक. मी सवयीनं म्हटलं, "साहेब, रूम पाहिजे? एसी, नॉन-एसी, घरगुती जेवण."

"नको, चहा," तो म्हणाला. मग म्हणाला, "ते गोव्याला जाऊन आलेले आजोबा इथलेच ना?"

सगळे हसायला लागले. टपरीवाला म्हणाला, "पाववाले आबा? अहो, तुम्ही बरोबर दुकानात आलात. ए, करून दाखव यांना!"

मला वाटलं, रील करणारा आहे. हल्ली येतात तसले. मी उठलो, कानामागे तळवा धरला आणि आयटम केला. पूर्ण. वर चार वाक्यं जास्तीची घातली, पाहुणा होता म्हणून. त्याला हसू आवरेना. डोळे पुसत त्यानं विचारलं, "म्हणजे नुसता पाव खाऊन परत आले?"

"तर काय! बालवाडीतल्या पोरालासुद्धा विचारा," मी म्हटलं.

मग त्यानं सॅकमधून फाईल काढली. म्हणाला, "मी सर्कल ऑफिसर, तहसील कचेरीतून. आजोबांच्या पेन्शनच्या चौकशीला आलोय."

टपरीवाला लगबगीनं बाक पुसायला लागला. पण माणूस चांगला होता. म्हणाला, "घाबरू नका. गाव ओळखतं ना आजोबांना, एवढंच बघायचं होतं." मग तो आबांच्या घरीही जाऊन आला. आबांना त्याचे प्रश्न ऐकू आले नसणार, ते नुसते हसले असणार. परत येऊन त्यानं टपरीच्या बाकावर बसून दोन पानं लिहिली आणि पंच म्हणून चौघांच्या सह्या मागितल्या. तिसरी सही माझी.

पंचनाम्यावर सही करताना आमच्याकडे कुणी वाचत नाही. वाचायला घेतलं तर साहेबावर भरवसा नाही असं दिसतं. आपण पेन घ्यायचं, "कुठे करू?" विचारायचं आणि बोट असेल तिथे करायची. मी तर झोकात केली. संध्याकाळी आबांना जाऊन सांगितलं, "आबा, चौकशी झाली. मी होतो तिथं, काळजी करू नका." त्यांनी मला शहाळं फोडून दिलं. मी प्यायलो.

पत्र आलं ते घेऊन आबा माझ्याकडेच आले. त्यांना मोतीबिंदू, त्यांचे सगळे कागद मीच वाचायचो. मी मोठ्यानं सुरुवात केली. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून. आणि मग ते वाक्य आलं. "स्थानिक चौकशीअंती, अर्जदार यांना कोणतीही मारहाण अथवा कारावास झालेला नसून, ते पोर्तुगीज शिपायांकडील पाव खाऊन परत आल्याचे समजते, असे पंचांनी एकमुखाने सांगितले. सबब अर्ज अमान्य."

माझा आवाज थांबला. जो कधी थांबत नाही तो.

"काय म्हनतात?"

"कागद कमी पडतात म्हणतात," मी त्यांच्या उजव्या कानात ओरडलो.

आबा डाव्या कानावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो दाखवला तर चालंल काय त्यांना?"

"म्हणजे?"

"बंदुकीच्या दस्त्यानं मारलंनी हितं. रगात थांबंना. त्या शिपायाला दया आली म्हनून त्यानं पाव दिला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"पोरांना काय सांगायचं त्ये? पावाचं सांगितलं की हसतात, बरं वाटतं. माझ्या बाजूला एक पोरगा व्हता, घाटावरचा. गाणं म्हनायचा. त्यो तितंच ऱ्हायला. त्याच्यापुढं माझा कान काय घिऊन बसायचं?"

इतकी वर्षं मी ज्यावर टाळ्या घेतल्या ती वळवलेली मान, तो तळवा, ते "आँ" असं आलेलं होतं. मी पत्राची घडी घातली आणि आणखी एक खोटं बोललो. म्हटलं, "बघतो मी काय करता येतं ते."

अपील करता येत होतं. मी सर्कलला जाऊन भेटलो. तो चिडला नाही, उलट बसायला सांगितलं. म्हणाला, "मी काय मनानं लिहिलं का? तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच सह्या केल्यात. आता लेखी द्या, की आम्ही चेष्टेत खोटं सांगितलं म्हणून. मी पुढे पाठवतो." बाकीच्या तिघांकडे गेलो. टपरीवाला म्हणाला, "तुला काय जातंय लेखी द्यायला? मला धंदा करायचाय." दुसरा म्हणाला, "पण खाल्लाच ना पाव? मग खोटं काय त्यात?" तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. मी एकट्यानं लिहून दिलं. पण अपिलावर आबांचा अंगठा हवा होता, आणि अंगठा कशाखाली हे न सांगता घ्यायची माझी हिंमत झाली नाही. त्या सहीनं मला तेवढं तरी शिकवलं होतं.

दुपारी गेलो. आबा रोपांना आळी करत होते. मी सगळं सांगितलं, ओरडून ओरडून. असली गोष्ट ओरडून सांगावी लागणं काय असतं ते मला विचारा. शेजारची काकू कुंपणाशी येऊन उभी राहिली.

आबांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, "कर."

"काय?"

"त्ये माजं करतोस त्ये. कर बगू."

"नको आबा."

"कर म्हनतो ना."

मी त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो आणि केलं. शेवटचं "वाढलं" तोंडातून निघता निघेना. कुणी हसत नसताना मी तो आयटम पहिल्यांदाच करत होतो.

"गनपतीत, मी पुडं बसलेलो, तवा ह्येच चाललं व्हतं?"

"हो."

"मला वाटायचं, पोरगा कायतरी चांगलं बोलतोय माज्याबद्दल," आबा म्हणाले. आणि अंगठा पुढे केला.

सुनावणी अलिबागला होती. पहाटेच्या एसटीनं निघालो. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साहेबांनी विचारलेलं मी आबांच्या कानात सांगायचो, आणि आबांचं बोलणं, दात नसल्यामुळे न कळणारं, साहेबांना पुन्हा सांगायचो. पहिल्याच उत्तराला माझ्या तोंडून आबांचाच आवाज आला. मुद्दाम नव्हे हो, सवय. कोपऱ्यातला क्लार्क फिसकन हसला. मी थांबलो, पाणी मागितलं, आणि मग साध्या आवाजात बोलू लागलो. माझा साधा आवाज मलाच ओळखीचा वाटेना. दस्त्याचं सांगितलं, घाटावरच्या पोराचं सांगितलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माझा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "तुम्ही जबाब मागे घेतलात, ते बरं केलंत. पण त्यानं फक्त तुमचा जबाब जातो. यांच्या बाजूनं बोलणारं कोण आहे? जे बरोबर होते त्यांतलं कुणी?"

मी आबांच्या कानात विचारलं. आबांनी छताकडे बघत बराच विचार केला. मग मान हलवली.

"कानाचं डॉक्टरांकडून लिहून आणू का?" मी विचारलं.

"कान गेलाय एवढंच ते लिहितील. कुणी घालवला ते कसं लिहितील?" साहेब म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, मऊ. फाईलवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि आमची प्रत मला दिली.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडे बसले होते, म्हणजे डावा कान माझ्याकडे. रेवदंडा गेलं तरी मी मांडीवरच्या फाईलची दोरी सोडत-बांधत होतो. मग त्यांनीच अख्खं अंग फिरवलं आणि विचारलं, "काय झालं शेवटी?"

"नाही होणार, आबा."

"जोरात बोल."

"नाही होणार! साक्षीदार नाही म्हणून. आधी माझ्यामुळे गेलं, आता साक्षीदार नाही म्हणून!"

पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या. आबांनी मान डोलावली. माझ्या मांडीवरची फाईल उचलली आणि आपल्या कापडी पिशवीत, चपात्यांच्या डब्याखाली घालून ठेवली.

त्याला दोन वर्षं होत आली. रस्त्यात दिसलो तर आबा अजून विचारतात, जेवलास का. पण त्यांचे कागद आता पोस्टमन वाचून देतो.