निळ्या खडूचा ठिपका

वाळूजच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं गिअरबॉक्स ऐकले. बघितले नाहीत, ऐकले. तयार गिअरबॉक्स मोटारीवर फिरवायचा, पेचकसाचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग खराब असेल तर बारीक किणकिण हाडातून थेट डोक्यात येते. आता त्याला मशीन आलंय, पडद्यावर रेघा उमटतात, तरी शंका आली की साहेब माझ्याकडंच बघायचे. त्याचा मला माज होता, हे कबूल करतो. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, ते मी खिशात ठेवायचो. कान बंद करून ऐकायचं कसं, असं वर सुनवायचो. शेजारी प्रेस धाडधाड चालू असायचे, तेव्हाही बोळे खिशातच.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास, सुट्टीच्या दुपारी, घरात बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. माझा संशय इन्व्हर्टरवर. खोलला, पुसला, परत जोडला, शेवटी बंदच करून टाकला. शिट्टी चालूच. मग शेजाऱ्यांचा असणार म्हणून त्यांच्या दारात जाऊन वाद घातला. त्या भल्या माणसानं ऑक्टोबरच्या उकाड्यात घराचा मेन स्विच पाडून दाखवला. "आता?" त्यानं विचारलं. शिट्टी होतीच. "आता बंद झाली," असं म्हणून मी घरी आलो. बायको म्हणाली, "मला तर पहिल्यापासून काहीच ऐकू येत नाही." मी तिलाच सांगितलं की तुझे कान तपासून घे.

बेंचवर माझा एक जोडीदार होता. माझ्याच वयाचा, शहागंजकडचा, चार शब्दांत काम भागवणारा. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ. मी सिडकोत राहतो. कंपनीच्या एकाच बसनं, एकाच सीटवर बसून आम्ही वर्षानुवर्षं ये-जा केली. दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात त्यानं मला चहाच्या वेळी बाजूला घेतलं.

"भाऊ, एक बात सांगू? सकाळधरनं मी तुला एकच गिअरबॉक्स तीन बार दिला. दोन बार तू खराब म्हणला, एक बार चांगला."

"मग?"

"मग आवाज गिअरबॉक्समधी नाय. कान दाखव कुणाला तरी."

"तू माझी परीक्षा घेतो व्हय?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की चहावाला थबकला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

खरं तर मी घाबरलो होतो. कारखान्यात माझी ओळख म्हणजे माझा कान. तो गेला तर मी कोण? आणि मी चुकून खराब गिअरबॉक्स पास केला, तो कुणाच्या चालत्या गाडीत अडकला, तर? हा विचार रोज यायचा आणि रोज मी त्याला हाकलायचो. पेचकस काही खाली ठेवला नाही.

भाईनंही मग दुपारच्या बसला येणं सोडलं. साडेतीनला पाळी सुटायची, बस भरायची, तो दिसायचाच नाही. माझ्या शेजारी बसायला नको म्हणून बस सोडतोय, असं मी धरून चाललो. शेजारच्या सीटवर मी डबा ठेवायचो आणि जशी काही मलाच जागा लागते, अशा तोऱ्यात खिडकीबाहेर बघायचो.

उन्हाळ्यात कानतपासणीची गाडी फाटकाशी आली. ती दरवर्षी येते. आत काचेची छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेला माणूस आवाज सोडतो तेव्हा त्याचं कोपर जरा हलतं, हे माझ्या आदल्याच वर्षी ध्यानात आलं होतं. कोपर हललं की मी बटण दाबायचो. बारीक आवाज तेव्हाच निसटायला लागले होते, तरी तसाच पास झालो होतो.

या वेळी तपासायला एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी रांगेत शेवटचा. दोन-चारदा बटण दाबलं असेल, तेवढ्यात त्या उठून आत आल्या.

"काका, तुम्ही ऐकत नाही आहात, मला बघताय," असं म्हणाल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली.

भिंतीकडं तोंड करून बसलो आणि कळलं, त्या खोलीत माझ्या शिट्टीशिवाय काहीच नाही. बटणावरचा अंगठा घामेजला. नंतर त्यांनी कानामागच्या हाडावर एक छोटी पेटी टेकवली. जागा तीच, पेचकसाची. हाडातूनही बारीक आवाज येईनात, तेव्हा मला रडू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

त्या रागावल्या नाहीत. पाण्याची बाटली दिली आणि कागदावर कान काढून दाखवला. पडद्यामागं तीन इवलीशी हाडं असतात. एकाला हातोडा म्हणतात, दुसऱ्याला ऐरण, तिसऱ्याला रिकीब, घोडेस्वार पाय अडकवतो तसली. पडद्याची थरथर ती पुढं ढकलतात. पुढं गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी, तिच्यात पाणी, आणि पाण्याखाली केसाळ पेशी, वाऱ्यावर ज्वारी डुलते तशा डुलणाऱ्या. त्यांच्या डुलण्याची खबर नसेतून मेंदूला जाते, तेव्हा आपण म्हणतो, ऐकू आलं. मोठा आवाज वर्षानुवर्षं बसला की या पेशी आडव्या पडतात. पुन्हा उगवत नाहीत. बारीक आवाजाच्या पेशी आधी जातात.

"मग ही शिट्टी कुठून येते?" मी विचारलं.

"तिकडून खबर येणं बंद झालं की मेंदू स्वतःच आवाज वाढवून बसतो. स्टेशन लागलं नाही की रेडिओ खरखरतो ना, तसं. तुमचं बहुतेक तेच आहे. पण मळानं, एखाद्या औषधानं, रक्तदाबानंही असं होतं, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. आणि उरलेलं जपा, काका. बोळे खिशासाठी नसतात."

खिशातून बोळ्याची दोरी लोंबत होती. मला हसू आलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. शिट्टी खरी होती, ती माझीच होती, आणि आता ती कुणापासून लपवायची नव्हती. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तिथून मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, गेल्या वर्षीच्या लबाडीसकट. शिट्टी सुरू झाल्यापासून माझ्या हातून गेलेल्या सगळ्या गिअरबॉक्सचं काय करायचं, तेही विचारलं. ते तपासू म्हणाले.

मग बेंचकडं आलो. पाळी सुटून गेली होती. भाई एकटाच बसला होता, डोळे मिटून, पेचकस कानामागं. समोर मी सकाळी ऐकलेले गिअरबॉक्स होते. एक ऐकून झाला की तो उलटा करून तळाला निळ्या खडूनं ठिपका द्यायचा. ते ठिपके मी महिनोन् महिने बघत होतो. रंगखात्याची खूण असेल असं वाटायचं.

"किती दिवसांपासनं?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडले. "दिवाळीपासनं."

"रोज?"

"तू टाकलेले पण, पास केलेले पण. काय काळजी करू नको. एक पण खराब भाईर गेला नाय."

"म्हणून बस सोडायचा?"

"अर्धा घंटा लागतो," तो म्हणाला. "मग कालीपिली टॅक्सीनं जातो."

मी माझा पेचकस पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. "राहू दे तुझ्याकडं. घरचा इन्व्हर्टर खोलायला लागंल," म्हणाला. म्हणजे तेही सगळ्या कारखान्याला कळलं होतं.

आता मी जुळणीच्या विभागात आहे, कानात बोळे घालून. शिट्टी आहेच. पंखा लावला की जरा मागं सरते. साडेतीनला बसमध्ये आधी मीच चढतो, शेजारच्या सीटवर डबा ठेवतो, आणि भाई आला की उचलून मांडीवर घेतो.